वाचकांचे प्रश्न : चासीचा आडवा मेंबर सडला तर काय करावे?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. माझ्याकडे २००८ सालची डिझेल पिकअप असून फवारणीच्या पाण्याचे पिंप, खतांची पोती आणि हंगामात बेदाण्याची खोकी नेण्यासाठी ती रोज चालते. गेल्या महिन्यात मागचे पाटे (एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलण्यासाठी गाडी वर घेतली, तेव्हा पाट्यांचे पुढचे टोक चासीला जोडणाऱ्या हँगरजवळून आडवा जाणारा क्रॉस मेंबर खालून सडलेला आढळला. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर दाबला, तो आरपार गेला. ते म्हणतात, खालून पाच मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून देतो, दोन तासांचे काम आहे. दुसऱ्या गॅरेजमध्ये चौकोनी पाइप टाकण्याचा सल्ला मिळाला, तर माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे की आता संपूर्ण चासीच बदलावी. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम असल्यामुळे गाडी मोडीत काढावी असे वाटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्याला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी पहिले दोन मी स्वीकारणार नाही, आणि तिसरा स्वीकारण्यापूर्वी गाडीखाली पुन्हा एकदा, हातोडी आणि बॅटरी घेऊन, निवांत तासभर घालवावा असे सांगेन. योग्य मार्ग बहुधा या तिन्हींपेक्षा वेगळा आहे. सडलेला मेंबर पूर्ण काढावा आणि त्याच आकाराचा, त्याच जाडीचा नवा मेंबर मूळ छिद्रांवर बोल्टने बसवावा. हे काम सांगली-मिरजेच्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरच्या आवाक्यातले आहे. मात्र त्यातला अर्धा वेळ मोजमापात जातो आणि नेमकी तीच वेळ वाचवण्याचा मोह होतो, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

पिकअपची चासी ही आडवी ठेवलेली शिडी असते. दोन लांब मेंबर मालाचे वजन पेलतात, आणि क्रॉस मेंबर या शिडीच्या पायऱ्या असतात. पायऱ्यांवर मालाचे वजन फारसे येत नाही, त्यामुळे पुष्कळांना त्या दुय्यम वाटतात. परंतु दोन लांब मेंबर एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर, समांतर आणि काटकोनात राहतात ते या पायऱ्यांमुळेच. त्यातही आपला सडलेला मेंबर नेमका पाट्यांच्या पुढच्या हँगरजवळचा आहे, ही बाब गंभीर आहे. पाट्यांच्या गाडीत मागची चाके गाडीला पुढे ढकलतात तो जोर एक्सलमधून पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागात, तेथून पुढच्या हँगरमध्ये आणि मग चासीत जातो. ब्रेक दाबल्यावर हाच प्रवास उलट दिशेने होतो. शिवाय हँगर लांब मेंबरच्या बाहेरच्या अंगाला किंवा खाली बसवलेला असल्यामुळे वजन मेंबरच्या मध्यातून न जाता कडेने येते आणि तो पिळवटू पाहतो. त्याला आतून धरून ठेवण्याचे काम हा आडवा मेंबर करतो. तो गेला की गाडी लगेच मोडून पडत नाही, परंतु प्रत्येक खड्ड्यात हँगर थोडासा हलतो, रिव्हेट सैल होतात आणि काही महिन्यांत लांब मेंबरलाच हँगरच्या छिद्रापासून तडा जाऊ लागतो. तोपर्यंत दुरुस्ती लांबवली, तर मग आपल्या मेहुण्यांचेच म्हणणे खरे ठरेल.

आता तो सडला कशाने, हे पाहू, कारण कारण तसेच राहिले तर नवा मेंबरही त्याच वाटेने जाईल. आपल्या पत्रात फवारणीचे पिंप आणि खतांची पोती यांचा उल्लेख आहे आणि मला वाटते उत्तर तेथेच आहे. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे फवारणीचे द्रावण) तयार झाल्यावर आपण त्यात लोखंडी विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहत असाल. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, असे आपण समजतो. तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातले तांबे असते, आणि ते पात्यावर बसते तेव्हा तेवढ्याच हिशेबात लोखंड द्रावणात विरघळत असते. पिंपात ओतताना हौद्यात सांडलेले मोरचुदाचे पाणी फळ्यांच्या फटीतून मेंबरवर गळते, तेव्हा विळ्याच्या पात्यावर होते तेच तेथे होते, फक्त आपल्याला दिसत नाही. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत तर एक प्रकारचे मीठच आहे. फाटक्या पोत्यातून पडलेली त्याची भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंजाला खतपाणी घालते. या सर्वांवर काळ्या मातीचा चिखल मेंबरच्या पन्हळीत बसून पाणी निचरणारी छिद्रे बुजवतो. आमच्या भागात समुद्र नाही, तरी द्राक्षपट्ट्यातल्या पिकअप गाड्या कोकणातल्या गाड्यांसारख्या सडलेल्या मी पाहिल्या आहेत.

तपासणीसाठी चासी प्रथम पाण्याच्या दाबाने धुऊन घ्यावी, वाळू द्यावी आणि मग मेंबरवर व त्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब मेंबरवर किमान फूटभर अंतरापर्यंत छोट्या हातोडीने ठोके द्यावेत. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भद्द आवाज करतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आवाजावर पूर्ण विसंबू नये. फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत ध्वनिलहरींवर चालणारे जाडी मोजण्याचे छोटे यंत्र असते, ते मागून घ्यावे. झाकलेल्या निरोगी जागेची जाडी मूळ जाडी धरावी. माझा स्वतःचा नियम असा आहे की, लांब मेंबरची जाडी कोठेही एक तृतीयांशाहून अधिक कमी झाली असेल, विशेषतः हँगरच्या आसपास किंवा वरच्या-खालच्या काठांवर, तर क्रॉस मेंबर बदलण्याच्या कामाला हात घालू नये. तेव्हा चासीचाच विचार करावा. क्रॉस मेंबरचे कान लांब मेंबरला जेथे चिकटतात त्या सांध्याकडे खास लक्ष द्यावे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो साचला की पत्रे फुगून वेगळे होतात आणि रिव्हेट ताणले जातात. सांधा असा फुगलेला दिसला, तर मेंबर वरून कितीही चांगला वाटला तरी तो सोडवून पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही.

खालून पट्टी मारण्याला माझा विरोध का, हे एका गाडीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी विटा भागातल्या एका वीटभट्टीची पिकअप माझ्याकडे आली होती. तिच्या मेंबरला कोणीतरी पट्टी मारली होती आणि वेल्डिंग खरोखर देखणे होते, एकसारखे, कोठेही खंड नसलेले. पट्टी कापली तेव्हा आतून ओंजळभर गंजाचे पापुद्रे पडले. वेल्ड जागच्या जागी शाबूत होता, परंतु ज्या पत्र्यावर तो केला होता तो पत्रा वेल्डच्या काठाने रेघ मारल्यासारखा फाटला होता. जाड पट्टी आणि कागदासारखा झालेला पत्रा एकत्र जोडले की सगळा ताण त्या काठावर येतो. पट्टी आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत पाणी शिरते ते बाहेर पडत नाही. आणि वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा उरलासुरला रंगही जळून जातो. मेस्त्री अप्रामाणिक आहेत असे मी म्हणत नाही. दोन तासांत गाडी रस्त्यावर हवी असे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा दोन तासांत होणारेच काम सुचवले जाते.

चौकोनी पाइपचा सल्ला ऐकायला अधिक शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याच्यावर थोडे अधिक लिहितो. घरी अगरबत्तीची पुठ्ठ्याची गोल नळी असेल तर ती दोन्ही हातांत धरून पिळून पहा. ती दाद देत नाही. आता तीच नळी लांबीच्या दिशेने एका रेषेत कापा आणि पुन्हा पिळा. ती सहज वळते. पुठ्ठा तेवढाच आहे, फरक फक्त बंद आणि उघड्या आकाराचा आहे. आपल्या गाडीचा मेंबर उघड्या पन्हळीचा आहे, कारण शेतातल्या बांधावरून एक चाक वर चढते तेव्हा चासीने थोडे पिळावे आणि नंतर पुन्हा सरळ व्हावे, असा तिच्या रचनेमागचा हिशेब आहे. तेथे बंद पाइप वेल्ड केला की तो भाग ताठर होतो, पीळ शेजारच्या भागात साचतो आणि वर्ष-दोन वर्षांत पाइपच्या लगत लांब मेंबरला तडा जातो. मजबुतीसाठी केलेले काम असे उलटते. याच कारणासाठी बाजारात मिळणारा इमारतीच्या कामाचा जाडजूड लोखंडी चॅनेलही मी वापरत नाही.

नवा मेंबर मिळवण्याचे मार्ग तीन आहेत. कंपनीचा सुटा भाग अजून मिळत असेल तर तोच घ्यावा, त्याला पर्याय नाही. मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा मेंबर चालतो, परंतु तो गॅस कटरने कापलेला नसावा आणि त्यालाही हातोडीची परीक्षा द्यावी लागेल. दोन्ही न मिळाल्यास जुन्या मेंबरवरून पुठ्ठ्याचा साचा काढून, कुपवाड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी जेथे पत्रा वाकवण्याचे प्रेस मशीन आहे तेथे तो बनवून घ्यावा. पत्रा मूळ जाडीचाच असावा, आयएस २०६२ ई-३५० या दर्जाचा मागावा, वाकवताना आतली गोलाई पत्र्याच्या जाडीच्या दीडपट तरी ठेवावी म्हणजे कोपऱ्यावर बारीक चिरा पडत नाहीत, आणि मूळ मेंबरला असलेली निचऱ्याची छिद्रे विसरू नयेत.

आता मोजमाप. गाडी रिकामी करावी, काँक्रीटच्या सपाट जमिनीवर घ्यावी, बॅटरीची ऋण तार काढावी, आणि लांब मेंबरखाली चार ठिकाणी भक्कम घोड्या लावाव्यात; नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चासी दोन्ही अंगांनी समतल आहे का हे गवंड्याच्या पाणीनळीने पाहता येते. मेंबरच्या पुढे आणि मागे, दोन्ही लांब मेंबरवर सारख्याच जागी असलेली चार छिद्रे निवडून त्यांच्या मध्यातून ओळंबा सोडावा आणि त्याचे टोक जमिनीला टेकते तेथे खडूने फुली मारावी. या चार फुल्यांमधले दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे असतील तर चासी काटकोनात आहे. त्यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मी पुढचे काम थांबवतो, कारण वाकड्या चासीत सरळ मेंबर बसवला तर तो तिला वाकडीच पक्की करतो. काम संपेपर्यंत त्या फुल्या पुसू देऊ नयेत. आमच्या गॅरेजमध्ये त्या भागावर कोणी झाडूसुद्धा मारत नाही.

यानंतर, आणि काहीही कापण्याच्या आधी, सडलेल्या मेंबरच्या दोन्ही अंगांना लांब मेंबरच्या मध्ये अँगलचे तात्पुरते आडवे तुकडे बोल्टने किंवा क्लॅम्पने आवळावेत. मी या व्यवसायात नवा असताना हे केले नव्हते. शेवटचा रिव्हेट निघाला त्या क्षणी दोन्ही लांब मेंबर टणकन आवाज करून आत आले. सहा मिलिमीटर म्हणजे फार वाटत नाही, परंतु नवा मेंबर त्या जागेत शिरेना. जॅक लावून मेंबर फाकवले तेव्हा एक हँगर तिरका झाला आणि त्या दिवसाचे काम निस्तरायला पुढचे चार दिवस गेले. चासीत वर्षानुवर्षांचा ताण साठलेला असतो आणि पायरी काढताच तो मोकळा होतो. म्हणून पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट काढून आणि एक्सलला वेगळा आधार देऊन पाट्यांचा जोरही आधीच उतरवून ठेवावा.

लांब मेंबरच्या आतून ब्रेकच्या नळ्या, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग गेलेले असते. ते सोडवून बाजूला बांधावे आणि टाकी जवळ असल्यास उतरवावी. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे, वाफेने भरलेली रिकामी टाकीच अधिक घातक असते. वरच्या रिव्हेटपर्यंत पोचण्यासाठी हौद्याचे बोल्ट सैल करून तो चार-सहा इंच उचलावा लागेल. रिव्हेट गॅसने जाळू नयेत, कारण त्या उष्णतेने लांब मेंबरचा पोलाद मऊ पडतो. डोके ग्राइंडरने घासून सपाट करावे, मध्यावर पंचाने खूण करून रिव्हेटपेक्षा लहान ड्रिलने छिद्र पाडावे आणि उरलेला भाग पंचाने ठोकून बाहेर काढावा. ग्राइंडरची चकती लांब मेंबरच्या पत्र्याला लागू देऊ नये. तिथे पडलेला ओरखडा हीच उद्याच्या तड्याची सुरुवात असते.

रिव्हेटच्या जागी बोल्ट वापरण्यास हरकत नाही, मात्र हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट नको. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा दर्जा कोरलेला असावा. छिद्र रिमरने एकसारखे करून बोल्ट त्यात हलक्या ठोक्याने बसेल एवढेच ठेवावे, आणि दोन पत्रे जेथे एकमेकांवर सरकू पाहतात तेथे बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत भाग यावा, आटे येऊ नयेत. कडक वॉशर आणि स्वतःहून न सुटणारे नट वापरावेत. गाडीच्या पुस्तिकेत आवळण्याचे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. नसेल तर ८.८ दर्जाच्या कोरड्या एम-१० बोल्टला साधारण ४५ ते ५० आणि एम-१२ बोल्टला ८० ते ८५ न्यूटन-मीटर पुरेसे होते. बोल्ट आवळण्यापूर्वी आणि आवळल्यानंतर, दोन्ही वेळा, जमिनीवरच्या फुल्यांवर ओळंबा पुन्हा सोडून पाहावा. लांब मेंबरच्या वरच्या किंवा खालच्या काठात नवीन छिद्र पाडू नये आणि तेथे आडवा वेल्डही करू नये, कारण वाकण्याचा सर्वांत जास्त ताण तेथेच असतो.

काही गाड्यांत हा मेंबर मुळातच वेल्ड केलेला असतो. आपला तसा असल्यास सीओटू वेल्डिंग करणारा अनुभवी कारागीर शोधावा, मूळ वेल्ड जेथे आणि जेवढ्या लांबीचे होते तेथेच आणि तेवढेच करावेत, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे विजेचा प्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत चासीवर वेल्डिंग करू नये असा इशारा असेल तर तो शब्दशः पाळावा.

एकमेकांना चिकटणाऱ्या पृष्ठभागांवर जस्तयुक्त प्रायमरचा पातळ हात द्यावा. जाड रंग दिला तर तो पुढे दबतो आणि बोल्ट सैल पडतात. बाकी सर्व भागांवर इपॉक्सी प्रायमर आणि वर चासीचा काळा रंग द्यावा. पाट्यांच्या बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहून तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते. पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून तपासावेत. आणि हौद्यात पिंपाखाली एक अखंड रबरी चटई टाकून तिचे तोंड मागच्या फाळक्याकडे उतरते ठेवावे. सांडलेले पाणी मागे, चासीपासून दूर पडेल.

प्रश्न : क्रॉस मेंबर बदलल्यास आरटीओची परवानगी लागते का? पासिंगच्या वेळी अडचण येईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांत फरक पडेल अशा बदलांवर आहे. सडलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती आहे. चासीची लांबी वाढवणे किंवा जादा एक्सल टाकणे हा बदल आहे. चासी क्रमांक लांब मेंबरवर कोरलेला असतो, त्या जागेवर ग्राइंडर, वेल्डिंग किंवा जाड रंग यांतले काहीही होऊ देऊ नका. मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे कामाचे बिल आणि जुना मेंबर काढताना व नवा बसवल्यावर घेतलेली छायाचित्रे जपून ठेवावीत. निरीक्षकांनी विचारल्यास ती दाखवता येतात.

प्रश्न : मी पाटण तालुक्यात दूध संकलनासाठी पिकअप चालवतो. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर तुटल्यामुळे स्थानिक कारागिराकडून नवा बनवून बसवला. तेव्हापासून ताशी चाळीस ते पन्नासच्या वेगात संपूर्ण गाडी थरथरते. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा केले, उपयोग झाला नाही. मेंबर कमी जाडीचा झाला असेल का?

उत्तर : जाडीचा संबंध मला दिसत नाही. या मेंबरवर गिअरबॉक्सचे मागचे टोक टेकते आणि तेथूनच मागच्या एक्सलला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट सुरू होतो, म्हणून प्रथम एक गोष्ट आठवून पहा: मेंबर काढताना प्रोपेलर शाफ्टचे सरकते टोक वेगळे केले होते का? केले असेल आणि जोडताना खुणा जुळवल्या नसतील, तर शाफ्टच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्ट वाकूनही फिरू देणारा सांधा) धरणारे काटे एकाच पातळीत राहिलेले नसतात. युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या स्थितीत फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही काटे एका पातळीत असले की एका टोकाचा दोष दुसरे टोक भरून काढते, नसले की दोन्ही दोष एकत्र येतात. शाफ्टकडे बाजूने पाहिले तरी हे डोळ्यांना कळते. चूक तेवढीच असेल तर काम अर्ध्या तासाचे आहे.

काटे बरोबर असतील, तर नव्या मेंबरची उंची तपासावी. तो मूळ मेंबरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर खाली झाला असला तरी गिअरबॉक्सचे शेपूट तेवढे खाली येते आणि जॉइंटचे कोन बदलतात. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा, शाफ्टचा आणि डिफरन्शियलच्या फ्लँजचा कल मोबाइलमधल्या उतारमापकाने घ्यावा. शाफ्ट एकाच तुकड्याचा असल्यास त्याच्या दोन्ही टोकांना पडणारे कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळले पाहिजेत. गिअरबॉक्स खाली गेलेला आढळला, तर माउंटिंग आणि मेंबर यांच्या मध्ये योग्य जाडीचा लोखंडी तुकडा बसवून तो वर घेता येतो. त्यासाठी मेंबर पुन्हा बनवण्याची गरज नाही. त्याच वेळी माउंटिंगचे रबर पहा. जुना मेंबर तुटला तेव्हा गिअरबॉक्सचा हिसका बहुधा त्यानेच सोसला असेल, आणि त्यात चीर असेल तर ते बदलल्याशिवाय कोन मोजण्यात अर्थ नाही. आपण कोयनानगरच्या बाजूला चढ-उतारावर भरलेले कॅन घेऊन फिरता, तेव्हा ही थरथर अंगवळणी पडू देऊ नका. ती प्रथम जॉइंटचे आणि नंतर गिअरबॉक्सच्या मागच्या सीलचे नुकसान करते.

प्रश्न : गंज लागू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी चासीवर जळके ऑइल फवारून घेतो. ते योग्य आहे का? (एक वाचक, इस्लामपूर परिसर)

उत्तर : नाही. जळके ऑइल काही दिवस पाणी अडवते हे खरे, परंतु ते पाट्यांच्या आणि शॉकअपच्या रबरी बुशना फुगवते, त्यावर धूळ बसून ओल धरणारा लेप तयार होतो, आणि पहिल्या पावसात ते धुऊन शेतात व ओढ्यात जाते. त्याऐवजी चासी धुऊन, सुकवून, तारेच्या ब्रशने घासून जेथे रंग उडाला आहे तेवढ्याच जागा प्रायमर आणि रंग देऊन बुजवाव्यात. बंद पोकळ्यांत फवारण्यासाठी मेणयुक्त द्रव मिळतो, तो वापरावा. गंजलेल्या पत्र्यावर जाड डांबरी किंवा रबरी लेप मात्र कधीही देऊ नये, कारण त्याखाली गंज वाढत राहतो आणि तपासणाऱ्याला तो दिसतही नाही.

प्रश्न : सांगलीत एक पिकअप स्वस्तात मिळत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती पाण्यात होती, परंतु इंजिन नंतर पूर्ण उतरवून केले आहे असे मालक प्रामाणिकपणे सांगतात. घ्यावी का?

उत्तर : इंजिनाबद्दल मालकांचे म्हणणे खरे मानू, माझी काळजी चासीबद्दल आहे. अनेक पिकअप गाड्यांत चासीचा पुढचा भाग बंद पेटीसारखा असतो आणि काही क्रॉस मेंबरही बंद असतात. कृष्णेचे पाणी त्यांत छिद्रांवाटे शिरले, ओसरताना निघून गेले, परंतु बारीक गाळ आत राहिला. तो गाळ दर पावसाळ्यात ओला होतो आणि पत्र्याला आतून खातो, बाहेरचा रंग मात्र चांगला दिसत राहतो.

मोबाइलला जोडता येणारा लवचिक कॅमेरा घेऊन जावे आणि चासीच्या प्रत्येक छिद्रातून आत पाहावे. कॅमेरा नसेल तर सायकलच्या चाकाची आरी घेऊन तळाच्या छिद्रांत फिरवावी. सुका, राखाडी चुरा आला तर तो पुराचा गाळ आहे, तपकिरी पापुद्रे आले तर तो चासीचाच पत्रा आहे. इतर सर्व भाग जुने असताना केवळ चासीला ताजा चकचकीत काळा रंग दिलेला असेल, तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी आणि मालकांनी नकार दिल्यास व्यवहार सोडून द्यावा. पापुद्रे फक्त बोल्टने बसवलेल्या एखाद्या क्रॉस मेंबरमध्ये सापडले, तर त्या मेंबरच्या किमतीचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब किमतीतून वजा करून गाडी घेण्यास हरकत नाही. ते पुढच्या बंद लांब मेंबरमध्ये, विशेषतः स्टिअरिंग बॉक्स जेथे बसतो त्या भागात सापडले, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.